एक गोंडा बाकी

भोकरच्या बाजारात लोक खिसे सांभाळतात. आमच्या गल्लीत आम्ही स्वेटर सांभाळायचो. बाहीचा एखादा धागा सुटलेला दिसला की गोंडेवाल्या खालाची बोटं लोकरीसाठी आपोआप तिकडं वळत. चौथीत असताना मी नव्या स्वेटरनिशी तिच्या ओट्यावर बसलो आणि उठलो तेव्हा अंगात नुसती गळ्याची पट्टी उरली होती. आई म्हणते, एक बाहीच गेली होती. पण आईला तपशील आठवत नाहीत.

गल्लीत पाळणा हलला की खाला क्रोशाची सुई घेऊन टोपडं विणायला बसायची. मजुराचं लेकरू असो की मास्तरचं, आमच्यासारख्या जयभीमवाल्यांचं असो की तिच्या नात्यातलं, टोपडं ठरलेलं. विणून उरलेल्या लोकरीचा ती एक गोंडा करायची आणि आपल्या दारावरच्या तोरणात बांधायची. दर लेकरामागं एक, जन्माच्या क्रमानं. ते तोरण इतकं भरगच्च झालं होतं, की पाहुण्यांना रांगत घरात शिरावं लागे. दोन पोरं ‘मी मोठा, मी मोठा’ म्हणून भांडली, की खाला बसल्या जागेवरून निकाल द्यायची, “तू जांभळा, हा पोपटी. जांभळा आधी. चूप बसा!”

तिची धमकीही एकच होती, “गोंडा उतरवून ठेवीन हां!” छडीला न भिणारी पोरं त्याला भीत. मी गणितात नापास झालो तेव्हा माझा गोंडा दोन दिवस बिस्किटांच्या डब्यात होता. ते दोन दिवस मला गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळखत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात तिचा मुलगा रफिक लातूरहून टेम्पो घेऊन आला. खालाचे गुडघे गेले होते, एकटीनं राहणं जमत नव्हतं. सामान चढलं. दारावरचं तोरण मात्र तिनं उतरवू दिलं नाही.

“एक गोंडा बाकी हाय,” ती म्हणाली. माझ्या बायकोचे, सुजाताचे, दिवस भरले होते.

“अम्मी, टेम्पो उभा हाय!”

“उभा हाय तर बसव त्याला.”

टेम्पो चार दिवस बसला. ड्रायव्हर आमच्याकडं जेवून जेवून इतका घरचा झाला, की बारशाला नावं सुचवू लागला. पाचव्या दिवशी सकाळी मुलगा झाला. खालानं दोऱ्यानं त्याचं डोकं मोजलं आणि कपाळाला हात लावला, “अगे मा, हा तर भोपळा हाय!”

पिवळ्या लोकरीचा गुंडा शेवटच्या टाक्याला संपला. टोपडं झालं, पण उरलं काहीच नाही. रफिक धावत जाऊन नवा गुंडा घेऊन आला. खालानं त्याला हात लावला नाही.

“ह्यातून तोडलेली लोकर ‘उरलेली’ कशी होईल, बेटा? लेकराला पुरून उरावं लागते.”

ती सुई बाजूला ठेवून ओट्यावर बसली. सगळी गल्ली ओट्याभोवती जमली. तेव्हा सुजातानं बाळाच्या डोक्यावरून टोपडं काढलं आणि तिच्या हातात दिलं.

“खाला, खालचे दोन फेरे उसवा.”

“कान उघडे पडतील गं.”

“पडू द्या. तुम्ही लातूरहून हाक मारली तर ऐकू येईल त्याला.”

खालानं उसवलं. गोंडा इवलासा झाला, चिमणीच्या पिसाएवढा. एवढ्यापुरतं मी खरं सांगतो. मग तिनं स्वतः तोरण उतरवलं, ड्रायव्हरशेजारी बसून मांडीवर पसरलं आणि टेम्पो हलता हलता शेवटची गाठ मारली. उमरीच्या रस्त्याला टेम्पो वळला. सगळी गल्ली तिच्या मांडीवर बसून लातूरला निघाली होती आणि आम्ही मागं उरलो होतो.