सोनबाची पाखरी आणि कपारीतली हाडं

सोनबाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हात जोडून उभा होता. १९३४ सालची गोष्ट. मी एका फिरत्या साहेबांचा कारकून होतो. वय तेवीस, अक्षर मोत्यासारखं आणि अक्कल जेमतेम. साहेबांचा तळ वेल्ह्याजवळ पडला होता. सोनबा पानशेतच्या वरच्या अंगाला नाचणी पिकवायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात तो आणि पाखरी, त्याची तांबूस कुत्री. पिकात शिरलेली डुकरं दोघं मिळून हाकलायची.

राखीव रानात सांबर मारायला बंदी होती. रानाचा रखवालदार गेनबा याला सोनबाच्या शेतावरच्या कपारीत हाडांचा ढीग सापडला. सांबराची हाडं, डुकराची हाडं. काही भाजलेली, काही आतला मगज खायला उभी फोडलेली, आणि टोकांवर कुत्र्याच्या दातांचे खड्डे. त्या बाजूला शिकारी कुत्रं एकट्या सोनबाकडे. हाडं त्याची ठरली तर त्याला सहा महिने तुरुंग आणि पाखरीला गोळी, असं साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

तुरुंगाबद्दल सोनबानं अवाक्षर काढलं नाही.

"मला न्या सायेब, तिला सोडा," तो म्हणत राहिला. "ती हाडं माज्या आज्याच्या बी आदीची हायेत. लई जुनी. दगडावानी झाल्यात."

साहेब हसले. साहेब हसले की कारकुनानं हसायचं असतं, म्हणून मीही हसलो.

सोनबा इकडे तिकडे बघू लागला. बुडणारा माणूस बघतो तसा. मग म्हणाला, "असल्या हाडाला कुत्रं तोंड लावत न्हाई. तिच्याफुडं टाका. तिनं खाल्लं तर म्या चोर."

साहेबांना गंमत वाटली. पाखरीला आणलं. चार दिवस ती गेनबाच्या गोठ्यात उपाशी बांधलेली होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मी ढिगातलं एक हाड तिच्यापुढे टाकलं. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. खरं तर तिथंच सगळं मिटायला हवं होतं.

"लांब पडलंय," साहेब म्हणाले. "तिला नीट दिसलं नसेल."

सोनबा घाबरला. घाईघाईनं त्यानं स्वतःच ते हाड उचललं आणि तिच्या नाकापुढे धरलं. "बघा सायेब, न्हाई खात. बघा."

त्या डोंगरात एक रीत आहे. शिकारीतला कुत्र्याचा वाटा धन्यानं आपल्या हातानं द्यायचा, आणि धन्याच्या हातचं कुत्र्यानं नाकारायचं नाही. पाखरीनं हाड घेतलं. त्याच्या पायाशी बसून, शेपूट हलवत, ती ते चावू लागली. सोनबा "सोड, सोड गं" म्हणत राहिला. तिनं सोडलंही, पण साहेबांना पाहायचं ते पाहून झालं होतं. मी लिहिलं, "आरोपीच्या कुत्रीने हाड ओळखून खाल्ले." ओळखून हे माझ्या पदरचं. साहेबांनी तसं सांगितलं नव्हतं.

गोळी ओढ्यापलीकडे झाडली. आवाज ऐकून सोनबा मटकन खाली बसला. कागदावर अंगठा हवा म्हणून मी त्याला उठवलं. आजही त्याची लाज वाटते.

ते हाड मी ठेवून घेतलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. आठ वर्षांनी, नोकरी सोडून मी भोरला राहत असताना, आनंदराव नावाचे पुण्याचे एक अभ्यासक जुन्या वस्तू शोधत आले. त्यांना ते दाखवलं. त्यांनी ते हातात तोललं, फार जुनं हाड जिभेला चिकटतं म्हणून चक्क जिभेला लावून पाहिलं.

"हजारो वर्षांचं आहे," ते म्हणाले. "शेती ठाऊक नसलेल्या, शिकारीवर जगणाऱ्या माणसांचं. आणि हे खड्डे बघा, हाड ताजं असताना दात रुतलेत. म्हणजे माणसं जेवली की त्यांची कुत्री तिथंच शेजारी बसून खायची." मग त्यांनी हाड उजेडात धरलं. "हे सगळे खड्डे आतपर्यंत हाडाच्याच रंगाचे, तांबूस. हा एक ओरखडा तेवढा पांढरा. हा मात्र अलीकडचा."

तो पाखरीचा दात होता. दोन्ही खुणा एकाच हाडावर, बोटभर अंतरानं. तिची खूण पांढरी, म्हणजे ते तांबूस खड्डे तिचे नव्हतेच. त्या दिवशी कुणीही, अगदी मीसुद्धा, हाड वळवून पाहिलं असतं तर ती वाचली असती. मी डोळे असून आंधळा, दुसरं काय.

मी पानशेतला गेलो. सोनबा पार वाकला होता. दारात कुत्रं नव्हतं. आनंदराव बोलले ते सगळं मी त्याला सांगितलं, ओरखडा दाखवला, मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं. तो बराच वेळ त्या पांढऱ्या रेघेवर बोट फिरवत बसला.

"म्हंजी त्यांची कुत्री बी त्यांच्या हातचं खायाची," तो म्हणाला.

"असेल. सोनबा, चूक आमची झाली. माझी झाली."

"तुमी लिवलं, सायबानं हुकूम केला. त्ये तुमचं काम." त्यानं हाड माझ्याकडे परत दिलं. "भुईवरचं तिनं टाकलं व्हतं, भाऊसाहेब. म्या हात फुडं केला नसता, तर ती जगली असती."