काकूंच्या चौरंगाला चार भोकं

हसायचं तेवढं हसा, पण मुग्धासमोर हा विषय काढायचा नाही. कबूल? मग सांगतो.

इंग्लंडात मिल्टन कीन्समधलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक जिना. मी इथल्या शूटिंग क्लबात जातो. लायसन्स वगैरे सगळं रीतसर आहे हो, घाबरू नका! तिथली मंडळी काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. त्याचं एक हातयंत्र असतं. हौसेने आणलं. पण ते कशावर तरी घट्ट बसवावं लागतं आणि घरात टेबल एकच.

"यावर ठोकलं तर जेवायचं कुठे?" मी बायकोला, म्हणजे मुग्धालाच, विचारलं.

"तू क्लबात जेव."

मग जिन्याखाली सापडला एक सागवानी चौरंग. जाडजूड, दणकट! यंत्राखालची लोखंडी चौकट त्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत बरोबर पोचत होती. टेबलावर ठेवा, काम करा, उचला, परत जिन्याखाली सारा. काय डोकं चाललं म्हणून सांगू! कुणाला विचारायचं कशाला? इंजिनिअर ना मी! घेतलं ड्रिल, पाडली चार भोकं.

मुग्धा ऑफिसातून आली आणि किंचाळलीच. "अरे, हा साने काकूंचा चौरंग! आपल्या सत्यनारायणाला आणलेला. काकांनी स्वतःच्या हाताने केलाय तो!"

काका दोन वर्षांपूर्वी गेले. आम्ही या देशात नवे होतो तेव्हा महिनाभर त्यांच्याच घरी राहिलो, जेवलो. आणि रविवारी काकूंकडे पूजा, चौरंग हवा होता.

"सरळ सांगून टाक," मुग्धा म्हणाली.

सांगणारच होतो, देवाशपथ! पण रविवारी चौरंग घेऊन गेलो, तर काकूंनी दारातच भोकांवरून बोट फिरवलं.

"हे काय रे?"

"केळीचे खांब, काकू! दर पूजेत आडवे होतात ना? आता भोकातून दोरी ओवून घट्ट बांधायचे."

काकूंनी चौरंग आत नेऊन मांडला. मग म्हणाल्या, "यांना नाही सुचलं बघ हे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यातून पूजेत खांब असले ताठ उभे राहिले की सगळे बघत बसले!

पुढच्या शनिवारी मी क्लबात निघालो, तर दारात पूजेला आलेले कुलकर्णी. काखेत चौरंग. "काकू म्हणाल्या, तू भोकं पाडून देतोस."

त्याच्या पुढच्या शनिवारी पाटणकर. मग पार लंडनच्या स्टॅनमोरहून एक डॉक्टरीणबाई, अनोळखी! दोन महिने मी बंदुकीला हात लावला नाही, नुसता भुसा झाडतोय.

शेवटी राहवेना. काकू चहाला आल्या तेव्हा म्हटलं, "काकू, खरं सांगू का…"

"बंदुकीच्या यंत्रासाठी पाडलीस. मुग्धाने पूजेच्या आदल्या दिवशीच फोन केला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"भोकांचं काही नाही रे. खोटं बोललास त्याचा राग आला. म्हटलं, आपणहून सांगेल. तोवर दर शनिवारी एकेक माणूस धाडत होते."

"चुकलो, काकू. आता संपलं ना?"

काकूंनी सावकाश चहा संपवला.

"शनिवारी जोशी येतायत. त्यांचे दोन आहेत."

मी उठलो आणि ड्रिल चार्जिंगला लावलं.