कागदावर काळं उतरलेलं बदक

करीमभाई गेल्याची बातमी अकोल्याहून कापूस घेऊन आलेल्या एका गाडीवानानं दिली. "तुमचे ते छब्या काढनारे... आठ दिस ताप होता, गेले," एवढंच बोलून तो बैलांना पाणी दाखवायला वळला. त्याला आता तीन आठवडे झाले.

अमरावतीत त्यांना कोण ओळखत नव्हतं? विलायतेहून कापसाला मागणी आली तसे पेठेत रोज नवे शेट उगवू लागले, आणि प्रत्येकाला स्वतःची छबी हवी होती. करीमभाई काचेवर छबी घेत, कागदावर उतरवत आणि मग बारीक कुंचल्यानं तिच्यात रंग भरत. कुणाच्या पागोट्याला जरीचा काठ लावत, कुणाच्या मोकळ्या गळ्यात कंठी घालत. "लोकाले खुशी, आपल्याले काम," म्हणत. मी शाळामास्तर, यावरून त्यांना फार चिडवत असे.

एका हिवाळ्यात शहरालगतच्या तलावावर रानबदकांच्या थव्यात त्यांना एक पिवळंधमक बदक दिसलं. चक्रवाक नव्हे, तो आम्ही दरसाल पाहतो. हे इतरांसारखंच रानबदक, फक्त चोचीपासून शेपटीपर्यंत हळदीच्या रंगाचं. त्यांनी ते कापसाच्या एका शेटजींच्या ओसरीवर सांगितलं. शेटजी म्हणाले, "छबी आन, मंग मानतो."

रानबदक काही शेटासारखं छबीच्या पेटीपुढे बसत नाही. आमच्याकडचे भोई बदकं धरण्याआधी रिकामी मडकी पाण्यात सोडून ठेवतात. बदकं सरावली की भोई स्वतःच्या डोक्यावर मडकं घालून पाण्यात उतरतात आणि खालून पाय धरतात. करीमभाईंनी तीच युक्ती केली. तिवईवर काळं कापड टाकून ती आठ दिवस काठावर नुसती उभी ठेवली. नवव्या दिवशी भर दुपारी, बदकं काठावर चोची पाठीत खुपसून झोपली असताना, ते पेटी घेऊन सरपटत गेले. मी मागे, काचा धुण्यासाठी उभारलेल्या अंधाऱ्या राहुटीपाशी, श्वास रोखून. ते बदक माझ्यापासून वीस हातांवर होतं. करीमभाईंनी पेटीच्या भिंगावरचं झाकण काढलं, ओठांतल्या ओठांत आकडे मोजले, झाकण लावलं. बदक हललं नाही! काच धुऊन राहुटीबाहेर आले तेव्हा हा चाळिशीचा माणूस चक्क नाचला.

कागदावर मात्र बदक काळं आलं. काचेवरच्या औषधाला पिवळा रंग दिसत नाही, हळदीचं लुगडंसुद्धा काळंच येतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण ऊन कडक आहे, निभेल, असं वाटलं होतं. मी म्हटलं, "रंग भरा की." ते भडकले. "शेटच्या कंठीत भरला, मास्तर, याच्यात नाई भरनार. हे खरं हाय."

ओसरीवर छबी हातोहात फिरली आणि हशा पिकला. "पितळेचं सोनं करनारा मानूस," शेटजी म्हणाले, "त्याच्या डोळ्यालेबी सोनंच दिसते!" करीमभाई शांतपणे माझ्याकडे वळले. "मास्तर संगं होते. मास्तर, तुमी पाह्यलं ना?"

शाळेच्या गळक्या छपरासाठी शेटजींनी दोनच दिवसांपूर्वी हो म्हटलं होतं... मी म्हणालो, "उन्हात मले नीट दिसलं नाई."

त्यांनी छबी कापडात गुंडाळली आणि ओसरी उतरले. वर्षाच्या आत त्यांनी बिऱ्हाड अकोल्याला हलवलं. ख्यालीखुशाली कळवत, बदकाचा विषय कधी काढला नाही. शाळेवर कौलं चढली. मला लाज वाटते, तेव्हाही वाटत होती.

गेल्या रविवारी अकोल्याला जाऊन आलो. खोलीत रंगाच्या वाट्या सुकल्या आहेत. भिंतीवर रंगवलेल्या छब्या, आणि मधोमध ते काळं बदक, बिनरंगाचं. त्यांच्या म्हाताऱ्या अम्मांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. "मास्तर, माह्या पोरानं मरेपर्यंत एकच बात सांगतली. ते बदक सच्ची पिवळं होतं का?"

"होतं, अम्मा. मी पाह्यलं."

त्यांनी डोळे पुसले. मग विचारलं, "मंग तवा कावून नाई बोलले, बेटा?"

परतल्यावर मी हा मजकूर वर्तमानपत्रासाठी लिहायला बसलो. शेटजी हे वर्तमानपत्र दर आठवड्याला ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घेतात. म्हणून इथंच लिहितो: बदक पिवळं होतं, आणि ते मला नीट दिसलं होतं.