किसनभाऊंच्या भुवया

इरा, नील, किसनभाऊ गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, ते दोन भुवयांच्या मधे वस्तरा का फिरवायचे? मी विषय बदलला. आता टाळणार नाही. कारण त्यांच्या दहाव्याला इथलाच, शिनोलीतला एक जण माझ्यादेखत म्हणाला, "मानूस लई गुणाचा व्हता, पर भुवया चोराच्या."

जुळलेल्या भुवयांचा माणूस चोर असतो, असं इथे शिकलेलेही मानतात. तुमची आई दहावीत होती त्या वर्षी, घटस्थापनेआधी, किसनभाऊ आपल्याकडे सफेदी करायला आले होते. त्याच दिवशी देवघरातला खंडोबाचा चांदीचा टाक दिसेनासा झाला. सकाळी देव चिंचेने मीच उजळले होते. पण माझ्या हातांकडे कुणी पाहिलं नाही, सगळ्यांनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. गावातल्या चार जाणत्यांनी त्यांच्या घराची झडती घेतली, कणगीतलं भात अंगणात ओतलं. त्यांची सुनंदा दारात उभी होती. तिचं लग्न ठरलेलं होतं. किसनभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी शाळंत शिकवता. तुमी तरी सांगा, भुवया चोरी करत्यात का?"

मी गप्प राहिले... शेजारी सासूबाई होत्या, एवढंच कारण. त्याची लाज अजून वाटते.

देवांचं पाणी पायदळी येऊ नये म्हणून ते तुळशीत ओतायचं, ही आपली रीत. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनातली माती बदलताना चिंचेच्या चोथ्यात टाक सापडला. मीच ओतला होता. तोवर सुनंदाचं लग्न मोडलं होतं. टाक हातात घेऊन मी त्या चौघांच्या दारी गेले, चूक माझी म्हणून सांगितलं. माफी मागायला एकही गेला नाही. उलट एक जण हसला, "देवच त्याच्या भुवयांना भिऊन लपला असंल, बाई."

सुनंदाला पुढे ओतूरचं चांगलं स्थळ मिळालं. पण तिला पाहायला पाहुणे येणार होते त्या सकाळी किसनभाऊंनी पहिल्यांदा वस्तरा हातात घेतला, तो कायमचा.

शेवटच्या आजारात हात थरथरायला लागले. मी भेटले तेव्हा भुवया पुन्हा जुळल्या होत्या. माझी नजर तिथे गेलेली त्यांनी ओळखली. "ऱ्हाऊ द्या, बाई," म्हणाले, "आता काय चोरनार मी?"

काल त्यांच्या घरी जाऊन आले. वस्तरा आरशाखालच्या कोनाड्यात आहे. सुनंदाची मुलगी सहावीत आहे, तिच्या भुवया आजोबांसारख्या जुळलेल्या आहेत. आणि गावात ती समजूतही अजून आहे.