उन्हात तापवलेले शेल

संपत माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन जालन्याकडच्या टेंभुर्णीत आले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. नाक पुसायलाही त्याला माझाच पदर लागायचा. पुढं दहावीला दोनदा बसला, दोन्ही वेळा गणितानं पाडला. पण क्लॅरोनेट हातात घेतलं की वाटायचं, हा पोरगा यासाठीच जन्माला आलाय.

गुलाम नबीचा ढोल, धर्मराजचा ताशा, आणखी दोन पोरं आणि संपत, अशी पाच जणांची बँड पार्टी त्यांनी काढली. नाव ठेवलं ‘नवतरुण’. जालन्याच्या बँडवाल्यांसारखे लाल कोट नव्हते, शिकवायला मास्तर नव्हता. टेपवर कॅसेट लावायची, ऐकायचं, तोंडानं धरायचं, मग वाजवायचं. बाकीचे बँड देवाची गाणी वाजवायचे, जुनी वाजवायचे. यांना पाहिजे फक्त कॉलेजातल्या पोरापोरींच्या पिक्चरची गाणी. कॉलेजाची पायरी पाचातल्या एकानंही चढलेली नव्हती.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते सोसायचं नाही.

“बारा एकराचा धनी अन् लोकाच्या दारात पिपाणी फुकतो! कोण देईल याला पोरगी?”

“देवो न देवो,” संपत म्हणायचा. “वरात तर मीच वाजवीन बाबा, तेवढा खर्चा वाचंल.”

एकोणीसशे नव्वदच्या उन्हाळ्याआधी त्यानं जालन्याहून एक नवी कॅसेट आणली. पिक्चर अजून लागायचा होता, गाणी आधीच आली होती. आमच्याकडं दिवसा लाईट असली तर असली, म्हणून टेप शेलवर चालायचा. घरात नवे शेल एकदाच आणलेले, ते मी बॅटरीत घातले होते. आमचे मालक रात्री पिकाला पाणी द्यायला शेतात जायचे, त्यांना बॅटरी लागायची. टेपाला मी जुने शेल द्यायची. दिवसभर पत्र्यावर उन्हात वाळत घातले की ते संध्याकाळी पुन्हा चालतात. सगळं गाव असंच करत होतं. मी काही शास्त्रज्ञ नव्हते.

गाणं लागलं. जड, खोल आवाज, एक-एक शब्द ओढत आल्यासारखा. हिंदी आम्हाला तशी अर्धीच कळायची, त्यात हा जाडा आवाज.

“वैनी, हे जरा हळू चालून राह्यलं का गं?” संपतनं विचारलं. “बॅटरीतले शेल दे बरं घडीभर.”

“आत्ताच उन्हातून काढलेत, गरम हायेत अजून,” मी म्हणाले. “चांगलं तर चाललंय. अशी गाणी संथच असत्यात.”

त्यानं माझं ऐकलं. लहानपणापासून ऐकतच आला होता.

पंधरा दिवसांत गाणं बसलं. आमच्या शेजारच्या चांगुणाबाईच्या पोरीची पाठवणी होती, तिथं त्यांनी ते पहिल्यांदा वाजवलं. बायका ढसाढसा रडल्या. चांगुणाबाई म्हणाली, “संपत, माझ्या लेकीसाठी आतडं काढून ठेवलंस रे बाबा.” त्यानंतर आसपासच्या गावांतून पाठवणीला ‘नवतरुण’लाच सुपारी यायला लागली. त्या लग्नसराईत पोरांना दाढी करायला सवड नव्हती, पिक्चर बघायला कुठली?

हे सगळं मामंजींच्या कानावर गेलं. शहरात, नवीन जालना भागात, त्यांच्या ओळखीचे एक आडते होते, आमचा कापूस त्यांच्याच दुकानी जायचा. त्या शेटजींच्या मुलाचं लग्न निघालं. मामंजींनी त्यांच्याकडं स्वतः शब्द टाकला. त्यांनी जन्मात कुणापुढं तोंड वेंगाडलं नव्हतं, पोरासाठी वेंगाडलं. घरी येऊन संपतला म्हणाले,

“शेटजीच्या वरातीत वाजव. चार शहाण्या माणसांनी बरं म्हणलं तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. न्हाई म्हणलं तर बाजा इकायचा अन् औताला लागायचं. कबूल?”

“कबूल.”

आम्ही सगळेच गेलो. स्टेशनकडच्या रस्त्यावर ऊन कलायच्या वेळी वरात निघाली. नवरदेवाचे दोस्त पुढं, डोळ्यांवर काळे चष्मे, अंगात घट्ट पँटी. तो पिक्चर जालन्यात लागून महिना झाला होता, सगळ्यांनी तीन-तीनदा बघितलेला. फर्माइश त्याच गाण्याची आली. संपतनं माझ्याकडं बघून हसून क्लॅरोनेट तोंडाला लावलं.

पोरांनी नाचायला हात वर केले ते तसेच राहिले. एकानं पाय टाकला, थांबला. दुसरा ओरडला, “अरे, मयत हाय का वरात?” तिसरा घोड्यापुढं हात जोडून मोठ्यानं रडायचं सोंग करायला लागला. सगळा रस्ता हसला. गुलाम नबीनं ढोल जोरात बडवून गाणं पळवायचा प्रयत्न केला, पण संपतचं बोट तसं बसलेलंच नव्हतं. सूर आपला जागच्या जागी.

शेटजींचा भाऊ आला आणि हातानंच बस म्हणाला. पोरांनी पाठीमागच्या ऑटोवर डेक ठेवलेलाच होता, तो लावला. तेच गाणं. पण ते पळत होतं, उड्या मारत होतं, आणि गाणारी सोळा-सतरा वर्षांची वाटावी अशी, हसत-हसत गात होती.

पोरं नाचायला लागली. संपत कडेला माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

“वैनी,” तो म्हणाला, “ही तर पोरगी हाय गं.”

आम्ही इतके दिवस तो बाप्याचा आवाज समजत होतो.

मामंजी पंगतीला बसले नाहीत. रात्रीच्या एसटीनं आम्ही परत आलो. सकाळी उठून संपतनं बॅटरीतले शेल काढले, टेपात घातले, गाणं लावलं. अर्ध्यातच बंद केलं. मी चुलीपुढं होते. त्यानं माझ्याकडं बघितलं, शेल पुन्हा बॅटरीत घातले, झाकण फिरवलं, बॅटरी खुंटीला अडकवली. मला वाटलं, आता ओरडंल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

क्लॅरोनेट भोकरदनच्या एका बँडवाल्यानं नेलं. गुलाम नबी घरी आला, म्हणाला, “भाभी, समझाओ ना उसको, दुसरं घेऊ.” मी काय समजावणार? औत काही संपतला जमलं नाही. दोन वर्षांनी तो जालन्यात एका बियाण्याच्या गोदामात पिशव्या शिवायच्या मशीनवर लागला. केदारखेड्याची पुष्पाबाई बायको आणली. सोयरीक जुळवताना मामंजींनी सगळ्यांना बजावलं होतं, बाजाचं नाव काढायचं नाही.

मागच्या साली डोळे दाखवायला जालन्याला गेले तेव्हा त्याच्या घरी थांबले. ठरवूनच गेले होते. तो हातपाय धुवून बसला आणि मी म्हणाले, “भाऊजी, त्या टायमाला चूक माझी होती.”

“कोणत्या टायमाला?” तो म्हणाला. “चहा घ्या, निवतो.”

मी पुन्हा तोंड उघडलं. पुष्पाबाई बशी ठेवत होती. तिला म्हणाले, “तुला ठाव न्हाई, हा काय वाजवायचा!”

ती हसली. “हे? यांना शिट्टीबी वाजवता येत न्हाई, जाऊबाई.”

संपत हसला नाही. बशीकडं बघत राहिला. मी चहा पिऊन टाकला.