शेळी का, बोकड का नाही?

आई मला एसटीत बसवायला आली ती शेरडं घेऊनच. त्यांना घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं? आप्पा जाऊन तीन वर्षं झाली होती, धाकटा भाऊ शाळेत. म्हणून डी.एड.साठी पुण्याला निघालेल्या लेकीला निरोप द्यायला हातात काठी, काखेत माझी पिशवी आणि मागं सात शेरडं अशी ती स्टँडवर उभी. चंद्री म्हणजे कळपाची म्होरकी. ती थेट कंडक्टरच्या पिशवीला तोंड लावायला गेली आणि अख्खी गाडी हसली. मी काय करावं? खिडकी सोडली आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसले, म्हणजे ही बाई माझी कुणी नव्हेच. "नीट ऱ्हा गं, उपाशी ऱ्हाऊ नगंस," आई बाहेरून ओरडत होती. मी मान हलवली की नाही, तेही आठवत नाही. माणसानं किती निलाजरं असावं!

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखे गाव सोडून इथं रुजलेल्यांनो, पंधरा वर्षांपूर्वीचं हे आज उकरून काढतेय, कारण गेल्या महिन्यात मला एक गोष्ट कळली. ती पोटात ठेवून मला वर्गात उभं राहवेना.

पुण्यात आल्यावर मी पहिलं काम केलं ते अंगाचा वास घालवायचं. हॉस्टेलमधल्या मुली बोलायच्या काही नाहीत, पण खिडकी उघडायच्या. मी दोनदा साबण लावायचे. मग जीभ धुतली. 'हाय'चं 'आहे' झालं, 'न्हाई'चं 'नाही' झालं, आणि सहा महिन्यांत कुणी गाव विचारलं तर मी तालुक्याचं नाव सांगू लागले. पुढे शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, कसबा पेठेत आले. सासऱ्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. नवरा सकाळी कंपनीच्या बसनं हिंजवडीला जातो आणि ट्रॅफिकला शिव्या देत परत येतो. मी सातवीला मराठी शिकवते.

आणि गंमत बघा, जे गाव मी घासून काढलं, त्याच्याच जिवावर शाळेत माझं नाव झालं. दर शुक्रवारी फळ्यावर मी एका म्हणीची जन्मकथा लिहिते. गाय, बैल, म्हैस, गाढव, सगळी जनावरं माझ्याकडे. स्टाफरूममध्ये मला 'म्हणीवाल्या बाई' म्हणतात. माल सगळा आईचा. रविवारी फोन लावायचा आणि विचारायचं.

"आई, 'दुभत्या गाईच्या लाथा गोड' ही म्हण कुठून आली असेल?"

"कुठनं याची? धार काढाय बस, लाथ खा, आन् मग भांड्यात बघ. कळंल."

'मेल्या म्हशीला मणभर दूध' विचारलं, तर म्हणाली, "आपली म्हस मेली तवा तूच सांगत फिरत व्हतीस की गावभर. जित्तेपणी तांब्याभर देत न्हवती." मी हे सगळं नीट प्रमाण भाषेत बसवायचे आणि टाळ्या घ्यायचे. आईचं नाव मात्र फळ्यावर कधी लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात 'शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड' ही म्हण घेतली होती. दुसऱ्यानं आपल्यासाठी सर्वस्व दिलं तरी त्याची किंमत नसणं, असा अर्थ सांगितला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "बाई, शेळी का? बोकड का नाही? आमच्या गल्लीतल्या दुकानावर तर बोकडाचंच मटण लिहिलंय." मी म्हटलं, "शेळी हा शब्द म्हणीत छान बसतो म्हणून." पोरीनं मान डोलावली, पण तिला पटलं नव्हतं. मलाही नाही. संध्याकाळी आईला फोन केला.

"बोकड असल्यावर शेळी कोण कापंल?" आई म्हणाली. "विणारी, दूध देणारी ती. घर चालतं तिच्यावर. गोठ्यात बोकड न्हाई आन् दारात पाव्हणा, तवाच शेळी जाती. आन् म्हातारी शेळी वातड लागायचीच. व्याही पयल्यांदा आलं तवा न्हाई का चंद्री द्यावी लागली?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"चंद्री? ती तर मावशीकडं दिली होती ना?"

"तुला तसं सांगितलं व्हतं. नवी नवरी तू. जेवता जेवता गळा काढला असतास."

नऊ वर्षं झाली त्या जेवणाला. आमच्याकडे व्याही पहिल्यांदा दारात आले की घरचंच जनावर पडतं. विकतचं मटण वाढलं तर गाव तोंडात शेण घालतं. दोन्ही बोकड त्याआधीच जत्रेला गेले होते. आईनं मुलाण्याला बोलावलं असेल आणि आप्पांच्या मागं जिच्या दुधावर आमचं घर चाललं, त्या शेळीचं दावं स्वतःच्या हातानं सोडून दिलं असेल. मी आत पैठणी सारखी करत होते.

पंगत बसली. सासू-सासरे, नवरा आणि मी. मी माहेरी आलेली लेक, पण बसले मात्र पाहुण्यांच्या बाजूला. पहिला घास तोंडात घातला आणि कुणी काही बोलायच्या आत, आपली लाज आपणच आधी झाकावी म्हणून हसत हसत सासूबाईंना म्हटलं, "आई, जपून हं. इकडचं मटण जरा वातडच असतं."

माझी आई रश्श्याचं पातेलं घेऊन दारातच उभी होती. तिनं ऐकलं. "आनी रस्सा वाढू का?" एवढंच तिनं विचारलं.

म्हणजे ज्या म्हणीचा अर्थ मी पोरांना सांगितला, तिच्यातला खाणारा मीच होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुक्रवारी फळ्याकडे बघवेना.

शेवटी न राहवून सासूबाईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वातड तू म्हणालीस. आम्ही कुणी तोंड उघडलं होतं का? मी तर दोनदा मागून घेतलं." मग जुडी बाजूला ठेवून हळूच बोलल्या, "विहीणबाईंचा चेहरा मी तेव्हाच पाहिला होता गं. म्हटलं, मायलेकींचं आहे, आपण कशाला बोला." म्हणजे परक्या घरच्या बाईला दिसलं होतं. मलाच तेवढं दिसलं नाही.

शनिवारी शाळा सुटली तशी एसटी धरली. आई अंगणात करडांना लिंबाचा पाला टाकत होती. चहासुद्धा न घेता मी तिच्या पायाशी बसले. "आई, चुकलं माझं. मटण वातड नव्हतं गं."

"वातडच व्हतं," आई म्हणाली. "धा वर्साची शेळी ती, लोण्यावानी लागंल व्हय? त्येचं मला कायबी वाटलं न्हाई." पाल्याचा एक डहाळा तिनं मोडला. "पर 'इकडचं' म्हणालीस. त्या दिवशी मला कळलं, तू आता तिकडची झालीस."

मला रडू आवरेना. आईनं पाठीवरून हात फिरवला, पण शब्द काही मागे घेतला नाही.

आता कुणी घर कुठलं विचारलं, तर मी तालुका सांगत नाही, गावाचं नाव सांगते. राहते कसब्यात, मरेनही कदाचित तिथंच. पण ज्या दारात माझा एक शब्द नऊ वर्षं कुणी गिळून बसलं, ते माझं घर. माफी मी मागितली आहे. 'असू दे' असं आई अजून म्हणालेली नाही, आणि 'तेवढं म्हण' असं तिला सांगायला मला तोंड नाही.