मामांचा आर्थ्रायटिस

माझे मामा दौंडला रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास निवृत्त होऊन निमोण्याला परतले, ते दुखरे गुडघे घेऊनच. गावातल्या वैद्यांनी संधिवात सांगितला. मामांना तो पटला नाही. वात काय, गावात घरोघरी होता. ते दौंडला त्यांच्या जुन्या डॉक्टरांकडे जाऊन आले आणि पारावर जाहीर केलं, "मला आर्थ्रायटिस हाय."

त्या दिवसापासून मामांनी घरातलं काम सोडलं. मामी विहिरीवरून पाणी आणायची. तिचेही गुडघे धरलेले. ती कण्हली की मामा म्हणायचे, "तुझा नुसता वात हाय. निर्गुडीचा पाला बांध, जाईल."

मी तेव्हा शिरूरच्या शाळेत नवा मास्तर होतो. मलाही त्या शब्दाचा दरारा वाटायचा. मी तो शिक्षकांच्या खोलीत दोन-तीनदा वापरून पाहिला होता, अर्थ माहीत नसताना.

दौंडच्या पुढच्या खेपेला मामांनी मला सोबत नेलं. मामीही आली, बहिणीला भेटायचं म्हणून. तपासणी झाल्यावर मी डॉक्टरांना शब्दाचा अर्थ विचारला.

"ग्रीक शब्द आहे. आर्थ्रॉन म्हणजे सांधा. शेवटी आयटिस आलं की सूज. सांध्याची सूज."

मामांनी आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सांधे सुजल्यात हे तर मीच तुम्हाला सांगितलं व्हतं."

"हो. मी ते ग्रीकमध्ये लिहिलं."

मामीनं लुगडं जरा वर सरकवून गुडघे पुढे केले. "मग माझं बी बघा की."

डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबले, वाकवले. "यांनाही तेच आहे. तुमच्यापेक्षा जास्त. यांना पाणी वाहू देऊ नका."

एसटीत मामा खिडकीकडे तोंड करून बसले. न्हावऱ्याचा थांबा मागे गेल्यावर म्हणाले, "ह्या डॉक्टरचं आता वय झालं."

मामी म्हणाली, "व्हय. पण नजर चांगली हाय त्याची."

मामांनी दौंडचे डॉक्टर सोडले. महिन्याभरात शिरूरला एक नवा डॉक्टर शोधला. त्यानं ऑस्टिओ-आर्थ्रायटिस लिहून दिलं. मामा खूश झाले. शब्द आधीच्यापेक्षा लांब होता. ऑस्टिओ म्हणजे हाड, एवढंच, हे मी तोवर शब्दकोशात पाहिलं होतं. पण मी बोललो नाही. भाचा होतो, आणि जेवण त्यांच्याकडे होतं.

पाणी मामीच आणत राहिली.